योहान ११:३५, ‘येशू रडला’ : उशिरा पोहोचलेल्या माणसाने हे वचन कसं वाचावं?

उधना पॅसेंजर (शुक्रवार, रात्री १०:५०)

सगळ्यांना सलाम. इथे मी बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव नंदुरबारपासून वीसेक किलोमीटरवर. मी सुरतेला उधन्यात राहतो, कापडाच्या मिलमध्ये नोकरी. महिनाभरापूर्वी माझा मोठा भाऊ गेला. सोमवारी दुपारी फोन आला होता, ‘दादाला बरं नाही, निघ.’ दादाचं असं आधी दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा तो उठून बसला होता. बुधवारी पगार होता. पगार घेऊनच जाऊ, दवाखान्यालाही पैसे लागतील, असा विचार करून मी थांबलो. मंगळवारी रात्री तो गेला. ऊन इतकं, की बुधवारी सकाळी दहाच्या आत माती द्यावी लागली. मी दुपारच्या गाडीने पोहोचलो.

दारात बहीण उभी होती. ती एवढंच म्हणाली, “भाऊ, तू आठे ऱ्हाता ते दादा जाता नही.”

योहानाच्या अकराव्या अध्यायात, आजारी भाऊ लाजर गेल्यावर मार्था आणि मरीया या बहिणी उशिरा आलेल्या येशूला म्हणतात, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. तेच हे वाक्य. माझ्या बहिणीला ते अध्याय-वचनासकट पाठ नसेल. तिच्या तोंडून ते आपसूक निघालं.

त्याच आठवड्यात सांत्वनसभा झाली. मंडळीतल्या एका वडिलांनी (चर्चच्या एल्डरनी) उपदेशात सांगितलं, की विश्वासणाऱ्याने रडू नये, रडणं म्हणजे पुनरुत्थानावर शंका घेणं, पौलाने ‘सर्वदा आनंदित असा’ असं लिहून ठेवलंय. वहिनी आणि बहीण दोघींनी डोळे पुसले आणि उठून आत गेल्या. तेव्हापासून घरात कुणी कुणासमोर रडत नाही.

शब्बाथ शाळेत मी पाठ केलेलं पहिलं वचन ‘येशू रडला’ हे. पाच वर्षांचा होतो, दोनच शब्द, लगेच पाठ झालं. त्या दिवशी सभेत ते माझ्या जिभेवर आलं होतं, पण बोललो नाही.

येत्या रविवारी दादाच्या घरी प्रार्थना आहे. वाचन मी करायचं आणि दोन शब्दही मीच बोलायचे, असं ठरलंय. मला हेच वचन घ्यायचंय. पण दोन गोष्टी अडतात. लाजराला आपण उठवणार हे येशूला माहीत होतं, अध्यायाच्या सुरुवातीलाच तो शिष्यांना तसं सांगतो. मग रडला कशाला? आणि दुसरं जास्त अडतं. निरोप मिळाल्यावर तो मुद्दाम दोन दिवस तिथेच राहिला, हे सहाव्या वचनात स्पष्ट आहे. जो स्वतः थांबला, त्याच्या रडण्याला काय अर्थ?

हे वादासाठी विचारत नाही. मला रविवारी त्या घरात उभं राहायचंय.

शब्दवेडी (शुक्रवार, रात्री ११:२०)

दादा, तुमच्या दुःखात सहभागी आहे.

तुमचा प्रश्न त्या दिवशी लाजराच्या गावी, बेथानीतही विचारला गेला होता. पस्तिसावं वचन झाल्याबरोबर छत्तिसाव्यात काही जण म्हणतात, बघा, याचं त्याच्यावर केवढं प्रेम होतं. आणि सदतिसाव्यात दुसरे म्हणतात, आंधळ्याला डोळे देणाऱ्याला याचं मरण टाळता आलं नसतं का? एकाच माणसाचं रडणं बघून गर्दीचे दोन तट पडले. योहानाने दोन्ही मतं लिहून ठेवली आणि कुणालाच खोडलं नाही. तेव्हा तुम्ही दुसऱ्या तटात उभे असाल, तर तिथे उभं राहायलाही या अध्यायात जागा आहे.

केळीबाग, रावेर (शुक्रवार, रात्री ११:४५)

भावपूर्ण श्रद्धांजली, भाऊ. मी वारकरी घरातला, बायबल फारसं वाचलेलं नाही. पण ‘ज्याला सगळं ठाऊक आहे तो कशाला रडेल’ हा प्रश्न आमच्याकडेही आहे. आळंदीला ज्ञानेश्वर समाधीला बसले, त्या प्रसंगाचं नामदेवरायांनी केलेलं वर्णन आमच्याकडे कार्तिकात वाचलं जातं. त्यात सगळ्यात जास्त कोण कोसळतं? निवृत्तिनाथ. जे गुरू, ज्यांनी ज्ञान दिलं, देह नाशिवंत आहे हे ज्यांनी शिकवलं, ते. आमचे बुवा कीर्तनात इथे नेहमी थांबतात. ज्ञान झालं म्हणून माया आटत नाही, असं ते सांगतात.

तुमच्या वचनाला हे लागू आहे की नाही, ते जाणकार सांगतील. मला वाचताना आठवलं म्हणून लिहिलं.

जुनी पोथी (शनिवार, सकाळी ६:३०)

सेमिनरीत असताना ग्रीक शिकलो होतो, आता निवृत्त आहे. मूळ शब्दांविषयी थोडं सांगतो, कारण मराठीत या ठिकाणी एक गोष्ट झाकली जाते.

तेहतिसाव्या वचनात मरीया रडते आहे, तिच्याबरोबर आलेले यहूदी रडताहेत. तिथे ग्रीक क्रियापद आहे ‘क्लायो’. हे मोठ्याने रडणं, आक्रोश. मयताच्या घरी हेल काढून बायका रडतात ना, ते. पस्तिसाव्या वचनात येशूसाठी दुसरंच क्रियापद आलंय, ‘दाक्रुओ’. अश्रू याअर्थीचा ‘दाक्रुऑन’ हा जो शब्द, त्यावरून झालेलं. म्हणजे डोळ्यांतून पाणी येणं. संपूर्ण नव्या करारात हे क्रियापद एवढ्या एकाच ठिकाणी आहे. मराठीत दोन्हीकडे ‘रडणे’ आल्यामुळे आपल्याला वाटतं, सगळे रडत होते आणि तोही त्यांच्यात मिसळून रडायला लागला. मुळात तसं नाही. भोवती आक्रोश चाललाय आणि त्यात एका माणसाच्या डोळ्यांतून मुकाट पाणी वाहू लागतं.

यावरून कुणी असं समजू नये की येशू मोठ्याने रडतच नसे. लूक १९:४१ मध्ये यरुशलेम शहर बघून तो रडला, तिथे ‘क्लायो’च आहे. इब्री लोकांस पत्र ५:७ मध्ये तर मोठा आक्रोश आणि अश्रू दोन्ही आहेत. म्हणजे बेथानीला योहानाने शब्द निवडून वापरलाय.

आता त्याच्या आधीचा शब्द. तेहतीस आणि अडतीस या दोन वचनांत येशूबद्दल एकच क्रियापद आलंय, तेहतिसाव्यात ‘एनेब्रिमेसातो’ या रूपात आणि अडतिसाव्यात जरा वेगळ्या रूपात, त्याचं भाषांतर आपल्याकडे ‘व्याकूळ’, ‘विव्हळ’ अशा अंगाने होतं. पण हे क्रियापद जुन्या ग्रीकमध्ये घोड्याच्या फुरफुरण्यासाठी येतं. नव्या करारात इतरत्र ते कडक ताकीद देण्यासाठी आहे (मत्तय ९:३०, मार्क १:४३), आणि महागडं सुगंधी तेल ओतणाऱ्या बाईवर लोक भडकले तिथेही आहे (मार्क १४:५). त्यात राग आहे. मार्टिन ल्यूथरने जर्मनमध्ये सरळ रागाचाच शब्द घातला. म्हणजे रडण्याच्या अलीकडे राग आणि पलीकडेही राग, मध्ये हे दोन शब्द. राग कुणावर, यावर टीकाकारांत एकमत नाही. लोकांच्या अविश्वासावर असं काही म्हणतात. मला स्वतःला तो मरणावरचा राग वाटतो, कारण दुसऱ्यांदा तो शब्द येतो तेव्हा तो माणसांकडे बघत नसून कबरेकडे चाललेला असतो.

आणखी एक. हे वेगळं ‘वचन’ आहे हेच मुळी योहानाला माहीत नव्हतं. नव्या कराराची आजची वचनविभागणी रॉबर्ट एस्तिएन या मुद्रकाने १५५१ च्या आवृत्तीत केली. त्याने हे तीन ग्रीक शब्द एकटे ठेवले. मागच्यापुढच्याला जोडले असते तर कुणाला चाललं असतं. त्याला तिथे थांबावंसं वाटलं, असं मी समजतो.

उधना पॅसेंजर (शनिवार, सकाळी ७:१०)

सर, रागाचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मिलच्या गेटवर उभा राहून वाचलं. संध्याकाळी पुन्हा वाचतो.

मेहरूण (शनिवार, सकाळी ९:००)

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नये. त्या वडिलांच्या बाजूनेही विचार व्हावा. १ थेस्सलनीका ४:१३ मध्ये झोपी गेलेल्यांविषयी खेद करण्याबद्दल पौलाने लिहिलंच आहे. ख्रिस्ती दफनाच्या वेळी गीतं गातात, रडारड करत नाहीत, ही आपल्या मंडळ्यांची जुनी शिस्त आहे. माझ्या आजोबांनी त्यांच्या मुलाच्या पेटीजवळ उभं राहून गीत म्हटलं होतं. लोक आजही त्याची आठवण काढतात. त्यात ढोंग नव्हतं. आशा होती म्हणून गाता आलं.

जुनी पोथी (शनिवार, सकाळी ९:४०)

मेहरूण, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. पण ४:१३ पूर्ण वाचा. पौल म्हणतो, ज्यांना आशा नाही अशा बाकीच्यांसारखा तुम्ही खेद करू नये. ‘खेद करू नये’ एवढ्यावर वाक्य थांबत नाही. खेद कसा करावा ते तो सांगतोय, करू नका असं म्हणत नाही. हाच पौल रोमकरांस पत्रात १२:१५ ला काय लिहितो? आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, रडणाऱ्यांबरोबर रडा. तिथे क्रियापद ‘क्लायो’ आहे, आज्ञेच्या अर्थी.

‘सर्वदा आनंदित असा’ (१ थेस्स. ५:१६) हेही गमतीने नव्हे, पण योगायोगाने ‘येशू रडला’ याचं भावंड आहे. किंग जेम्स या जुन्या इंग्रजी भाषांतरात सर्वांत छोटं वचन ‘येशू रडला’ हे. ग्रीकमध्ये अक्षरं मोजली तर याची सोळा भरतात आणि ‘सर्वदा आनंदित असा’ याची चौदा. (त्याहून छोटं लूक २०:३० आहे, बारा अक्षरांचं, पण ते नुसतं ‘आणि दुसऱ्याने’ असं कथेतलं तुटक वाक्य आहे.) ही दोन वचनं एकाच पुस्तकात आहेत. एक हातात घेऊन दुसऱ्याला गप्प करता येत नाही.

मेहरूण (शनिवार, सकाळी ११:१५)

पटलं. ‘बाकीच्यांसारखा’ हा शब्द मी ओलांडून जात होतो. आजोबांबद्दल एक सांगायचं राहिलं. गीत झाल्यावर ते गोठ्यात गेले होते आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत, असं माझी आत्या सांगते. लोकांना फक्त गीत आठवतं.

पांझराकाठ (शनिवार, दुपारी १:३०)

आम्ही धुळ्याचे कॅथलिक. आमच्याकडे उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी, ‘अ’ वर्षात (वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं पहिलं), लाजराचा हा सगळा उतारा वाचला जातो. येशूला माहीत असून तो का रडला, यावर चर्चचं जुनं उत्तर पोप लिओ यांच्या ४४९ सालच्या पत्रात आहे. त्यांचं म्हणणं, मेलेल्या मित्रासाठी कळवळून रडणं हे मानवी स्वभावाचं काम आणि चार दिवसांच्या मृताला हाकेने उठवणं हे दैवी स्वभावाचं. दोन्ही स्वभाव एकाच व्यक्तीत. ४५१ च्या कॅल्सेडनच्या परिषदेत हे पत्र मान्य झालं. त्या काळी त्याची गरज होती, कारण येशूला खरं शरीर नव्हतंच, ते दिसण्यापुरतं होतं, असं मानणारे पंथ सुरुवातीपासून होते. शिवाय शिकलेल्या ग्रीक माणसाला देवाने रडणं हा दुबळेपणाच वाटे. त्यांच्यापुढे हे वचन पुरावा म्हणून ठेवलं जाई.

पण माझी अडचण सांगतो. हे उत्तर बरोबर असूनही मला त्याने समाधान होत नाही. ‘रडला तो माणूस, उठवलं ते देवाने’ असं म्हटलं की येशूचे दोन तुकडे केल्यासारखं वाटतं. लिओ यांना तसं म्हणायचं नव्हतं, मला माहीत आहे. पण उपदेशात ते तसंच उतरतं. मला असं मानायला आवडतं की जो रडला तोच, त्याच ओल्या डोळ्यांनी, कबरेपाशी गेला.

यार्डातला (शनिवार, दुपारी ३:०५)

भुसावळहून. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर, दोन दिवसांवर. आम्ही रेल्वेवाले, वेळापत्रक बघायची सवय, म्हणून हिशोब मांडतो.

येशू तेव्हा यार्देनेच्या पलीकडे होता (१०:४०). तिथून बेथानी साधारण एका दिवसाची वाट. निरोप्या निघाला, त्याला एक दिवस लागला. येशू दोन दिवस राहिला. मग यायला एक दिवस. झाले चार. आणि तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते (११:१७). म्हणजे निरोप्या निघाला त्याच दिवशी, थोड्या वेळाने, लाजर गेला असणार. येशू तडक निघाला असता तरी तो मेल्यावरच पोहोचला असता. त्याच्या थांबण्याने लाजर मेला नाही.

चौथ्या दिवसाचंही कारण आहे. आत्मा तीन दिवस शरीराभोवती घुटमळतो आणि मग निघून जातो, अशी समजूत ज्यू परंपरेत नोंदलेली आहे. चौथा दिवस म्हणजे सगळं संपलं. मार्थासुद्धा म्हणते, आता दुर्गंधी येत असेल.

भाऊ, हिशोब तुमच्यासाठीच मांडलाय. स्वतःला दोष देऊ नका.

उधना पॅसेंजर (शनिवार, रात्री ८:४०)

यार्डातला काका, तुमची माया कळली. हिशोब मी दोनदा कागदावर मांडून बघितला, बरोबर आहे. पण माझा हिशोब तसा नाही. सोमवारी निघालो असतो तर मंगळवारचा पूर्ण दिवस मला दादाजवळ बसता आलं असतं. तो वाचला नसता, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. पण मी तिथे असतो. मंगळवारी दुपारी त्याने दोनदा विचारलं म्हणे, लहान्या निघाला का.

या वचनातून मला सुटका नको आहे. माझी चूक ती माझी. रविवारी बहिणीसमोर उभं राहताना तिच्या त्या वाक्याला काय म्हणायचं, एवढंच हवंय.

शब्दवेडी (शनिवार, रात्री ९:३०)

दादा, तुमच्या ‘त्या वाक्याला’ या शब्दांनी मी पुन्हा अध्याय काढला आणि एक गोष्ट दिसली जी इतक्या वर्षांत नीट बघितली नव्हती.

ते वाक्य दोनदा आहे. एकविसाव्या वचनात मार्था म्हणते आणि बत्तिसाव्यात मरीया म्हणते. जवळजवळ शब्दाला शब्द तेच. त्या चार दिवसांत दोघी बहिणी एकमेकींना तेच म्हणत बसल्या असतील, म्हणून ते इतकं घोटून सारखं झालं असणार. घरात माणूस गेलं की एक वाक्य घरभर फिरतं, प्रत्येकाच्या तोंडी तेच. तुमच्याही घरात बहीण एकटीच ते म्हणत नसेल.

आता बघा, उत्तरं वेगळी आहेत. मार्थाला येशू शब्दांत उत्तर देतो, आणि केवढं मोठं, पुनरुत्थान व जीवन मीच आहे. अख्ख्या शुभवर्तमानातल्या सर्वांत मोठ्या वचनांपैकी ते एक. मार्था तशीच आहे, उभी राहून बोलणारी, तिला ते पेललं. मरीया त्याच वाक्याने पायांवर कोसळते. तिला तो काहीच सांगत नाही. ते पंचविसावं वचन तिच्यासाठी पुन्हा म्हणत नाही. उशीर का झाला तेही सांगत नाही, आणि सांगण्यासारखं तर त्याच्याकडे होतं, शिष्यांना त्याने सांगितलंही होतं. तिच्या वाट्याला पस्तिसावं वचन आलं.

तुमच्या सांत्वनसभेत मरीयांना मार्थाचं उत्तर दिलं गेलं. तेही अर्धवट.

नवापूरकर (शनिवार, रात्री १०:१५)

शब्दवेडी ताईंनी शेवटी लिहिलंय ते आमच्या भागात फार घडतं. आमच्या घरात मावची बोलतात, आजी पहिल्या पिढीची विश्वासणारी. ती सांगायची, आधी मयताला अख्खं गाव बसायचं, बाया रडताना मेलेल्याच्या सगळ्या गोष्टी सांगायच्या, त्याने विहीर कुठे खणली, कुणाला बैल दिला, कुणाशी भांडला. नंतर ते ‘जुनं’ म्हणून बंद झालं. गीतं आली, ती चांगलीच आहेत, मी स्वतः म्हणतो. पण माणसाची गोष्ट सांगत रडायची जागा गेली, ती परत कुणी करून दिली नाही.

शब्दवेडी (शनिवार, रात्री १०:४०)

नवापूरकर, यावरून भाषेचा एक प्रश्न. जुनी पोथी सरांनी दोन क्रियापदं सांगितली. मग पस्तिसाव्या वचनाचं मराठी काय असावं? ‘येशूच्या डोळ्यांत पाणी आलं’? ‘येशूने आसवं गाळली’? आणि आमच्या अहिराणीत? मी शाळेत शिकवते, मुलं घरी अहिराणीच बोलतात. ‘येशू रडना’ म्हटलं तर पोराला समजतं, पण ते आईने मारलं तेव्हाचंही रडणं असतं.

पांझराकाठ (शनिवार, रात्री ११:००)

‘येशूना डोया भरी उनात.’ माझी आजी असंच म्हणाली असती.

जुनी पोथी (रविवार, पहाटे ५:५०)

पांझराकाठ, सुंदर आहे, पण मला थोडं कमी वाटतं. ‘डोळे भरून आले’ म्हणजे पाणी अजून पापणीतच आहे. इथलं ग्रीक रूप एखादी गोष्ट घडली, सुरू झाली असं दाखवतं. बांध फुटावा तसं. गालावर पाणी आलं तेव्हाच तर भोवतालच्या लोकांना दिसलं आणि ते बोलले. ‘आसवं गाळली’ हे पुस्तकी आणि त्यात जरा दाखवल्यासारखं आहे. ‘अश्रू ढाळले’ ही तर शोकसंदेशाची भाषा झाली.

पंडिता रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली. १९२२ मध्ये त्या केडगावला वारल्या, बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झालं. खेड्यातल्या, नव्याने वाचायला शिकलेल्या बाईला कळावं हा त्यांचा ध्यास. त्या कसोटीला लावलं तर मला ‘येशू रडला’ हेच टिकतं. दोनच शब्द, त्यात कुठे लपायला जागा नाही. फरक वाचणाऱ्याने आवाजात दाखवावा. तेहतिसावं वचन जरा मोठ्याने वाचावं आणि पस्तिसावं हळू.

शब्दवेडी (रविवार, सकाळी ६:१५)

सर, मान्य. मात्र अहिराणीत मी पांझराकाठ यांचंच सांगेन. अहिराणीत ते पापणीत राहत नाही, ‘डोया भरी उनात’ म्हटलं की आमच्याकडे पदर डोळ्याला लागलेलाच असतो.

नवापूरकर (रविवार, सकाळी ६:४०)

भाऊ, तुमची प्रार्थना आजच आहे ना? मग पटकन एक लिहितो, रात्री झोपताना सुचलं.

आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोलीकडे जातात, सहा सहा महिने तिकडेच. मागे घरात कुणी गेलं तर त्यांना यायला उशीर होतोच, माती होऊन गेलेली असते. अशी उशिरा आलेली माणसं मी लहानपणापासून बघतोय. ती आल्या आल्या रडत नाहीत. पाणी देतात ते पितात, पिशवी खाली ठेवतात, आणि पहिली गोष्ट विचारतात, “कुठे ठेवलं?” मग कुणीतरी पोरगं म्हणतं, “चला, दाखवतो.” आणि शेताच्या बांधावरून जाताना, ती जागा दिसायच्या आधीच, माणूस मोडतो.

आता चौतिसावं वचन वाचा. येशू विचारतो, तुम्ही त्याला कुठे ठेवलंय? ते म्हणतात, प्रभू, येऊन पाहा. आणि मग पस्तीस.

ज्याला सगळं माहीत आहे असं आपण म्हणतो, त्याला कबर माहीत नव्हती. त्याला विचारावं लागलं. जो वेळेवर असतो त्याला हे विचारावं लागत नाही, त्याने स्वतःच खांदा दिलेला असतो. हा प्रश्न फक्त उशिरा आलेल्याचा आहे.

पांझराकाठ (रविवार, सकाळी ७:००)

नवापूरकर, अंगावर काटा आला. आणि ‘येऊन पाहा’ हे शब्द बघा. पहिल्या अध्यायात दोन शिष्य विचारतात, गुरुजी, आपण कुठे राहता? तेव्हा येशू त्यांना म्हणतो, येऊन पाहा (१:३९). पुढे फिलिप नथनेलाला तेच म्हणतो. तिथे ते बोलावणं आहे, नव्या आयुष्याचं. इथे माणसं तेच शब्द येशूला म्हणतात आणि आपल्या मेलेल्याची जागा दाखवायला नेतात. त्याने आपलं घर दाखवलं होतं, यांनी कबर दाखवली.

उधना पॅसेंजर (रविवार, सकाळी ७:२५)

मी गाडीत आहे. व्यारा गेलं आत्ताच.

नवापूरकर, मी त्या दिवशी हेच विचारलं होतं. बहिणीच्या वाक्यानंतर मला काही सुचलं नाही, मी पुतण्याला विचारलं, “कोठे ठेवं रे?” तो म्हणाला, चल काका. चौदा वर्षांचा आहे. त्याने माझी बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि पुढे चालला.

मी हे धाग्यात लिहिलं नव्हतं. मला ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

मेहरूण (रविवार, सकाळी ७:४०)

भाऊ, एक विनंती. पस्तिसाव्यावर थांबू नका, चव्वेचाळीसपर्यंत वाचा. माझ्या पहिल्या प्रतिसादावरून तुम्हाला वाटेल की हा परत तेच म्हणतोय. तसं नाही. लोक पुढचं वाचून मधलं पुसतात, ते चूक. पण पुढचं न वाचणंही त्या घरावर अन्याय होईल. त्यात शेवटचं वाक्य येशू लाजराला उद्देशून म्हणत नाही, भोवतीच्या लोकांना म्हणतो, याला मोकळं करा, जाऊ द्या.

उधना पॅसेंजर (सोमवार, रात्री ९:५०)

काल पोहोचलो. वेळेवर.

उपदेश असा केलाच नाही. सतरापासून चव्वेचाळीसपर्यंत वाचलं. मेहरूणभाऊंचं ऐकलं. मार्था-मरीयेचं वाक्य आलं तिथे बहिणीकडे बघायची हिंमत झाली नाही, दोन्ही वेळा पुस्तकातच बघत राहिलो. चौतिसावं मी वाचलं आणि पस्तिसावं पुतण्याला वाचायला सांगितलं. त्याने सरांनी सांगितल्यासारखंच हळू वाचलं, मी त्याला तसं काही सांगितलं नव्हतं. ते वडीलही आले होते, ते काही बोलले नाहीत. प्रार्थना मात्र त्यांनी केली आणि छोटीच केली.

वाचन झाल्यावर आई म्हणाली, “त्यानी बी इचारं का, कोठे ठेवं म्हनीसन?” मी हो म्हटलं. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग वहिनी दादाचं सांगायला लागली, मंगळवारी त्याने काय काय खायला मागितलं ते. बहीण मध्येच तिचं चुकलेलं दुरुस्त करत होती, की खिचडी नव्हे, कळण्याची भाकर मागितली होती. दोघी रडत होत्या आणि भांडत होत्या. मी पण.

संध्याकाळी बहिणीला सांगितलं, पगारासाठी थांबलो होतो. तिला माहीत नव्हतं. ती काही बोलली नाही, ताट वाढून आणलं.

आज सकाळच्या गाडीने उधन्याला आलो. वहिनीने कळण्याचं पीठ दिलंय बांधून. सगळ्यांचे आभार. पुतण्या विचारत होता की जुनी पोथी सरांनी लिहिलेला तो रागाचा ग्रीक शब्द देवनागरीत नीट कसा लिहायचा, त्याला बायबलच्या कडेला लिहून ठेवायचाय. सर, एकदा फोड करून सांगाल का?

जुनी पोथी (मंगळवार, पहाटे ५:४०)

ए-ने-ब्रि-मे-सा-तो. मूळ क्रियापद ‘एम्ब्रिमाओमाय’. त्याला सांगा, तेहतिसाव्या वचनाच्या कडेला लिही आणि अडतिसाव्याच्याही.